तळ्याची परीक्षा आणि मी, पाच नंबरची काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे एखादे कण्हत चालणारे आजोबा आले असतील, नाहीतर शाळेतले छडीवाले गुरुजी. तसली मी नव्हे. मी गोल्फची काठी आहे. गोल्फ म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. जे तीस-तीस वर्षं खेळतात त्यांनाही ते नीटसं ठाऊक नसतं. एक लहानसा पांढरा चेंडू लांबवरच्या भोकात घालायचा. खिशात टाकून तो सहज नेता येतो. पण तसं न करता काठीने मारत मारत न्यायचा, वाटेत झुडपांत हरवायचा, पाण्यात बुडवायचा, आणि शेवटी भोकात पडला की जग जिंकल्यासारखं तोंड करायचं. एवढाच हा खेळ. यासाठी शहाणीसुरती माणसं रविवारी गजर लावून उठतात.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या लहान कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने कठीण लाकडाचा एक ठोकळा घेतला, तो यंत्रावर फिरवला, कानशीने घासला, आणि मूठभर आकाराचं माझं डोकं तयार झालं. तळाला पितळेची पट्टी बसली, वर पोलादी दांडा आला, दांड्याच्या टोकाला हाताच्या पकडीसाठी चामडं गुंडाळलं गेलं. माझं तोंड मात्र त्याने मुद्दाम थोडं वर वळवलं. माझ्या बऱ्याच बहिणी सरळ समोर बघतात. मी जन्मापासून आभाळाकडे बघते. काही लोक याला नाक वर करणं म्हणतात. कारागीर तसं म्हणाला नाही. मला फडक्याने पुसून तो म्हणाला, "जा बाई. तुझं काम जोर लावायचं नाही. चेंडू उचलून द्यायचा." हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढची एकोणतीस वर्षं ते कोणी ऐकून घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी.

गोल्फच्या पिशवीत आम्ही डझनभर जणी एकत्र राहतो. एकत्र कुटुंबच म्हणा ना. सगळ्यांत लांब ती एक नंबरची, आमची थोरली जाऊ. मोठं डोकं, सरळ तोंड, अंगावर चकचकीत रंग. पहिला फटका नेहमी तिचा. मधल्या लोखंडी जावा कृश आणि कडक. सगळ्यांत धाकटी फक्त भोकाजवळ चेंडूला हलकेच ढकलते, आणि तेवढ्या कामावर सगळं श्रेय घेऊन जाते. मी पाच नंबरची. लाकडी, बुटकी, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली.

आम्हाला घरी आणलं ते एका शिंप्याने. त्याला सगळे मास्तर म्हणत. रस्त्यावर चष्म्याच्या दुकानाशेजारी त्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाने उभं राहायचं, तिथे तीन पाखांचा, सगळ्या बाजू दाखवणारा उंच आरसा. मागे कापडं बेतायचं लांब टेबल आणि दोन मशिनं. वर राहायच्या दोन खोल्या. मास्तर कोट-पॅंटी शिवायचे आणि त्यांची बायको काजं करायची. बाईंच्या काजाला आणि बोलण्याला सारखीच धार होती, आणि दोन्हींतून बटण बरोबर आरपार जायचं.

आता शिंपी गोल्फच्या मैदानावर कसा पोचला, हे तुम्ही विचारणारच. त्या मैदानावर प्रत्येक भोकाशी एक झेंडा असतो. ते झेंडे वाऱ्याने महिन्याभरात फाटायचे. मास्तरांनी दुहेरी शिवण घालून झेंडे शिवून दिले, ते फाटायचं नावच घेईनात. कमिटी इतकी खूश झाली, की तिने मास्तरांना सभासद करून घेतलं. मास्तर तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. फटका मारताना ते अंग असं पिळायचे, जशी ओली चादर पिळावी. पाठ पार झेंड्याकडे यायची, मग सगळा पीळ एकदम सुटायचा आणि चेंडू दिसेनासा व्हायचा. लोक थांबून बघायचे. मास्तर थांबलेले लोक मोजायचे नाहीत, पण कोण थांबलं नाही हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

तिथेच त्यांना दोन दोस्त भेटले. एक दातांचे डॉक्टर. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलायची सवय लागलेले. दुसरे बॅंकेतले कॅशियर. ते इतके कमी बोलायचे, की सगळे त्यांना मौनी म्हणायचे. दर रविवारी सकाळी हे त्रिकूट एकत्र खेळायचं. एक बोलायचा, एक ऐकायचा, आणि मास्तर मारायचे.

माझा घात डॉक्टरांनी केला. पहिल्याच हंगामात मास्तरांनी मला पिशवीतून काढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो मास्तर, ही काकूंची काठी! हिचं तोंड बघा, पाऊस कधी येतोय विचारल्यासारखं. थोरली असताना हिला कशाला हात लावता?"

झालं. त्याच दुपारी मी पिशवीतून दुकानात आले. त्यानंतर मी काय काय केलं म्हणून सांगू? मी कोळिष्टकं काढली. मशीनखाली गेलेली रिळं ओढून काढली. वाऱ्याने आपटणारी खिडकी अडवून धरली. एकदा बाईंनी माझ्यावर ओला स्वेटरही वाळत घातला. चेंडूचा म्हणाल तर स्पर्श नाही. पितळ काळं पडलं, चामडं वाळलं. थोरली दर रविवारी गवताचा वास घेऊन घरी यायची आणि कोपऱ्यात माझ्याशेजारी उभी राहून काही बोलायची नाही. ते न बोलणं फार लागायचं.

पण दुकानात राहिल्याने मला एक शिक्षण मिळालं, जे थोरलीला मिळालं नाही. माणसं म्हातारी कशी होतात, हे मी तीन पाखांच्या आरशात बघितलं. गिऱ्हाईक दहा वर्षांपूर्वीचा कोट घेऊन यायचं. कोट पोटावर मिटायचा नाही. मास्तर कधी म्हणाले नाहीत, की साहेब, तुम्ही सुटलात. ते कापड बोटांत चोळायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "कापड जरा आकसलंय." मग तोंडात टाचण्या धरून विचारायचे, "कुठं दाटतंय?" गिऱ्हाईक बोट दाखवायचं. मास्तर तिथली शिवण उसवायचे. चांगला शिंपी शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. ती माया सोडायची, कच्चा टाका घालायचा, ट्रायल घ्यायची, पुन्हा उसवायचं, पुन्हा टाका. तिसऱ्या ट्रायलला कोट अंगावर असा बसायचा, की गिऱ्हाईक आरशात वळून वळून स्वतःची पाठ बघायचं. अशी शेकड्यांनी माणसं मास्तरांनी त्यांच्याच जुन्या कोटात परत घालून दिली.

स्वतः मास्तर मात्र म्हातारे होत नव्हते. निदान त्यांचं मत तसं होतं. पासष्टीनंतर त्यांचा चेंडू लवकर खाली पडायला लागला. पहिल्या वर्षी मास्तर म्हणाले, हल्लीचे चेंडूच हलके. दुसऱ्या वर्षी म्हणाले, वारा आता उलट्या बाजूने वाहतो. सत्तरीला आले तेव्हा जेवताना बाईंना म्हणाले, "तुला सांगतो, त्यांनी तळं रुंद केलंय."

बाई शांतपणे म्हणाल्या, "हो का? का पाणी जरा आकसलंय?"

मास्तरांनी भाताचं भांडं आपल्याकडे ओढलं.

आता हे तळं काय ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आलं. सातव्या होलला, म्हणजे सातव्या भोकाच्या वाटेवर, मध्ये एक तळं आहे. म्हातारे सभासद त्यात चेंडू बुडवत बसायचे आणि मागचे लोक ताटकळायचे. म्हणून कमिटीने नियम केला. सत्तरी ओलांडलेल्याने हंगामाच्या सुरुवातीला परीक्षा द्यायची. पांढऱ्या खुणेवरून तीन चेंडू मारायचे. एक तरी हवेतून पलीकडे जाऊन तिथे टिकला पाहिजे. नाही गेला तर रविवार सकाळ बंद. त्याने बुधवारी दुपारी खेळायचं. बुधवारी दुपारी डॉक्टर दवाखान्यात असायचे. मौनींच्या मुलीने तेव्हा नातवाला त्यांच्याकडे सोपवलेलं असायचं. म्हणजे मास्तरांना मैदान मिळणार, माणसं नाही. आणि मित्रांनो, एकट्याने मारलेला चांगला फटका म्हणजे अंधारात घातलेला नवा कोट.

पहिल्या वर्षी मास्तर कसेबसे पास झाले. त्यांचा तिसरा चेंडू पाण्यावर दोनदा टप्पा घेऊन पलीकडच्या काठावर चढला. तेव्हा नियमात 'हवेतून' हा शब्द नव्हता. तो दुसऱ्याच दिवशी घातला गेला. कमिटी अशा बाबतीत फार चपळ असते.

एकाहत्तराव्या वर्षी, परीक्षेच्या दीड महिना आधी, मास्तरांनी तीच चूक केली जी त्यांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला करू दिली नसती. ताकद कमी झाली म्हणून त्यांनी ताकदवान माणसाची काठी आणली. नवी एक नंबरची. आधीच्या थोरलीपेक्षाही लांब, दांडा ताठ, तोंड भिंतीसारखं सरळ. म्हणजे कोट पोटावर बसत नाही म्हणून आणखी घट्ट कोट विकत घ्यायचा! ते मैदानाच्या कडेला रोज संध्याकाळी जाऊन अंगातला सगळा जोर काढून मारू लागले. चेंडू जमिनीलगत सरपटत जायचा. मास्तर आणखी जोर काढायचे. सहाव्या दिवशी चेंडू जागेवर राहिला आणि मास्तरांची पाठ गेली.

त्यांना दोघांनी धरून घरी आणलं. डॉक्टर सोबत होते आणि अर्थातच बोलत होते. "वहिनी, मी सांगतच होतो, आता बुधवार घ्या म्हणून. बुधवार वाईट नसतो. पलंगापेक्षा बरा."

"तुम्ही बसा, चहा घ्या," बाई म्हणाल्या. "गरम घ्या, म्हणजे जरा वेळ तोंड बंद राहील."

आठ दिवस मास्तर आडवे. नवव्या दिवशी उठायला आधार हवा, म्हणून बाईंनी कोपऱ्यातून मला उचललं. मी मास्तरांच्या हातात गेले, उलटी. डोकं मुठीत, दांडा जमिनीवर. एकोणतीस वर्षांनी धन्याने हात लावला, तो टेकू म्हणून. माझ्या मनात काय झालं ते विचारू नका. पण रिळं काढण्यापेक्षा ही बढतीच होती.

मास्तर माझ्या आधाराने जिना उतरून दुकानात आले आणि पुढच्या खोलीत आरशासमोर उभे राहिले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाई एका जॅकेटची काजं करत होत्या. मास्तरांनी मला सहज सुलटं धरलं. सहजच थोडं मागे नेलं. आणि थांबले.

तीन पाखांच्या आरशात तीन मास्तर थांबले. एक समोरून, एक डावीकडून, एक मागून. मित्रांनो, या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याची पाठ दुसऱ्याला दाखवली होती. स्वतःचा फटका त्यांनी कधी बघितलाच नव्हता. त्यांनी मला पुन्हा मागे नेलं, हळू. कंबर एका जागी अडली. मग नुसते हात वर गेले, डावा खांदा कानाला लागला, चेहरा वेडावाकडा झाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"काय दिसतंय?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

मास्तर धंद्यातल्या आवाजात म्हणाले, "बेचाळीसचा कोट एकाहत्तरच्या अंगावर."

बाईंनी सुई खाली ठेवली, टेप गळ्यात टाकली आणि दोन टाचण्या उगाचच तोंडात धरून समोर येऊन उभ्या राहिल्या. "कुठं दाटतंय?"

"गंमत करतेस?"

"गिऱ्हाइकाशी कोणी गंमत करतं का? कुठं दाटतंय ते सांगा."

"कंबरेत," मास्तर म्हणाले. "आणि डाव्या खांद्यात. आणि पकडताना बोटांत."

"मग उसवा की. लोकांच्या कंबरा चाळीस वर्षं सैल करून दिल्यात. स्वतःची करायला लाज वाटते?"

"अगं, कोटाचं वेगळं. फटका हा फटका असतो. तो एकदा बसला तो बसला."

"असं? आणि तो आर्किटेक्ट त्याच्या लग्नाच्या कोटाबद्दल हेच म्हणत होता, तेव्हा तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

मास्तरांना आठवत होतं. मलाही आठवत होतं. त्यांनी सांगितलं होतं, "साहेब, कोट तुमचाच राहील. फक्त आजच्या तुमचा."

मास्तर जरा वेळ खिशातला खडू चाचपत राहिले. मग त्यांनी तो बाईंच्या हातात दिला.

त्यानंतरचे अठरा दिवस त्या दुकानात जे चाललं ते बघायला लोकांनी तिकीट काढलं असतं. बाईंनी फरशीवर खडूने मास्तरांच्या दोन्ही पावलांभोवती रेघ मारली. पहिली ट्रायल. उजवं पाऊल सरळ होतं, ते बाहेरच्या बाजूला फिरवलं आणि टीचभर मागे घेतलं. लगेच कंबर जरा वळली. "आणखी?" बाई म्हणाल्या. "आणखी माया नाही," मास्तर म्हणाले. दुसरी ट्रायल. मागे वळताना डावी टाच जमिनीला घट्ट चिकटवून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. ती टाच त्यांनी उचलू दिली. आणि काय सांगू, अडलेलं दार उघडावं तशी कंबर फिरली! खांदा मोकळा झाला. मास्तरांनी आरशातल्या तिघांकडे बघितलं आणि तिघेही हसले.

तिसरी ट्रायल माझ्या नशिबाची होती. मला आता ते डोक्याच्या मागे पार खालपर्यंत नेत नव्हते, खांद्यापर्यंतच. "बाही आखूड केली," ते म्हणाले. आणि मुठीत दाबून धरत नव्हते. कात्री धरावी तसं धरत होते, सुटू नये इतकंच. बोटांची पेरं सुजली होती, म्हणून त्यांनी माझ्या पकडीवर सुती पट्टी गुंडाळली आणि त्यावर मऊ चामडं चढवून अदृश्य टाक्यांनी शिवलं. पितळ घासून पुसून उजळलं. एकोणतीस वर्षांनी मला नवे कपडे मिळाले, तेही मापाचे.

मग मैदानाच्या कडेला आम्ही दोघं चेंडूसमोर उभे राहिलो. मास्तरांनी मला सावकाश मागे नेलं, टाच उचलली, सावकाश आणलं. ठक्क! चेंडू वर गेला. सरपटला नाही, चक्क वर गेला. काठी हळू फिरत असली की सरळ तोंडाने चेंडू उठतच नाही. माझं तोंड वर असल्याने मी त्याला आपसूक उचलते. कारागिराने हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मास्तरांनी चेंडूकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "अरेच्चा!" एकोणतीस वर्षांनी एवढंच. मला पुरलं.

परीक्षेच्या सकाळी सातव्या होलवर वीसेक माणसं जमली होती. सेक्रेटरी यादी घेऊन आले होते. बाई पहिल्यांदाच मैदानावर आल्या होत्या. बाकावर बसून कोणाच्या तरी शर्टाचं बटण लावत होत्या. चेंडू हवेतून पलीकडे आला की नाही, हे बघायला पलीकडच्या काठावर एक साक्षीदार लागतो. ते काम डॉक्टरांनी हौसेने घेतलं होतं. घडीची खुर्ची, छत्री आणि वर्तमानपत्र घेऊन ते पलीकडे जाऊन बसले. वर्तमानपत्र त्यांनी उघडलं, यावरून निकालाबद्दल त्यांचं मत कळत होतं.

तळ्यावर थोरलीनेच मारायचं, असा तिथला रिवाज होता. नियमात नव्हता, पण रिवाज नियमापेक्षा जास्त पाळला जातो. मास्तरांनी पिशवीतून मला काढलं. माणसांत कुजबूज झाली. पलीकडून डॉक्टर ओरडले, "मास्तर! ती काकूंची काठी आहे!"

"ठाऊक आहे," मास्तर ओरडले. "काकूंनीच दिली आहे."

हशा पिकला. बाईंनी दोरा दाताने तोडला.

पण मित्रांनो, वीस माणसं बघत असली की माणसाच्या अंगात त्याचं जुनं वय संचारतं. मला पकडीतूनच कळलं. मास्तरांच्या मुठी आवळल्या. टाच जमिनीला चिकटली. बेचाळीस वर्षांचे मास्तर जोरात वळायला गेले, एकाहत्तरची कंबर अडली, आणि चेंडू डुबुक्कन तळ्यात. डॉक्टरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दुसऱ्या चेंडूला टाच उचलली, कंबर फिरली, पण मनात भीती होती. चेंडू उंच गेला, पलीकडच्या काठावर पडला, क्षणभर तिथे बसला, आणि उतारावरून हळूहळू मागे लोळत पाण्यात गेला. सेक्रेटरींनी पेन हातात घेतलं. बाजूला उभे असलेले मौनी पांढरेफटक पडले होते. त्यांचाही रविवार जाणार होता. डॉक्टरांचं बोलणं एकट्याने ऐकायचं म्हणजे काही खायचं काम नव्हे.

मास्तर तिसरा चेंडू ठेवायला वाकले. चेंडू दोनदा खुणेवरून घसरला. तेवढ्यात बाकावरून, अगदी दुकानात विचारावं तसा, आवाज आला.

"अहो, कुठं दाटतंय?"

मास्तर सरळ उभे राहिले. त्यांनी खरंच विचार केला. कंबरेचा, खांद्याचा, बोटांचा. मग म्हणाले, "कॉलरमध्ये."

आणि वीस माणसांसमोर त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. एक लांब श्वास सोडला. उजवं पाऊल बाहेर वळवलं, टीचभर मागे घेतलं. मला सैल धरलं. मग सावकाश, कोटाची पाठ बेताना कात्री चालते तशा एका लयीत, मला मागे नेलं. टाच उचलली. कंबर फिरली. मी खाली आले आणि चेंडूला माझ्या तोंडाच्या बरोबर मध्यावर घेतलं. त्या ठिकाणी चेंडू लागला की आवाजही गोड येतो आणि हातांना काही कळतही नाही. मी त्याला उचललं, मित्रांनो. जन्मभर साठवलेली सगळी उचल मी त्याला दिली.

चेंडू वर गेला. तळ्याच्या मध्यावर आला तेव्हा तो अजून चढतच होता. काठ आला, तो काठावरून गेला. डॉक्टर वर्तमानपत्रातून वर बघतात तोवर तो त्यांच्या छत्रीवरून गेला. डॉक्टर खुर्चीसकट मागे उलथले आणि चेंडू त्यांच्यापलीकडे वीस पावलांवर हिरव्या गवतात अलगद उतरला.

"गेला!" असं कोणीतरी प्रचंड मोठ्याने ओरडलं. सगळ्यांनी वळून बघितलं. ते मौनी होते. ते पुन्हा ओरडले, "गेला! गेला! हवेतून गेला!" बॅंकेत छत्तीस वर्षांत त्यांनी जेवढे शब्द वापरले नव्हते, तेवढे त्यांनी त्या पाच मिनिटांत वापरले. सेक्रेटरींनी साक्षीदाराला विचारलं, "डॉक्टर, चेंडू हवेतून आला का?" साक्षीदार खुर्चीच्या घडीत अडकले होते. आतून आवाज आला, "माझ्या टकलाला विचारा! वारा लागला!"

नाव यादीत राहिलं. मास्तरांनी मला खांद्यावर घेतलं आणि बाकाशी आले. बाई म्हणाल्या, "बसला नीट."

"चेंडू?"

"फटका. अंगावर."

त्या हंगामात त्रिकुटाच्या खेळात मास्तर अकरा रविवार पहिले आले. साठाव्या वर्षी एवढे आले नव्हते. नवी ताठ थोरली आता दुकानातली खिडकी अडवून धरते. मी तिच्याशी प्रेमाने वागते. मला त्या कामातले खाचखळगे ठाऊक आहेत.

आणि एका सोमवारी दातांचे डॉक्टर एक पॅंट काखेत मारून दुकानात आले. पॅंटला काही झालं नव्हतं. ते इकडे-तिकडे बघत घुटमळले. त्यांना पुढच्या वर्षी सत्तर वर्षं पूर्ण होणार होती.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "तो खडू... म्हणजे ती पावलांची रेघ... कोणाला सांगू नका, पण..."

बाईंनी आरशाकडे बोट दाखवलं. "उभे राहा. आणि तोंड मिटा, माप चुकतं."

तेव्हापासून सोमवारी दुपारी दुकानात कोटांपेक्षा काठ्या जास्त येतात. एक निवृत्त पायलट येतात, एक शाळेच्या मुख्याध्यापिका येतात, दोघं सख्खे भाऊ येतात. ते एकमेकांना आत बसलेले बघून दचकतात. मास्तर प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतात. प्रत्येकाचं दाटतं वेगळ्या ठिकाणी.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं थोडकं आहे. खेळून आल्यावर आमच्यासारख्यांना कोरड्या फडक्याने पुसत जा. ओल आम्हाला मानवत नाही. आणि घरातलं एखादं मोठं माणूस नेहमीचं काम जरा निराळ्या पद्धतीने करायला लागलं, जिना कडेकडेने चढायला लागलं, सुईत दोरा ओवायला खिडकीशी जाऊन बसायला लागलं, तर 'आता सोडा हे' असं पटकन म्हणू नका. त्याची ट्रायल चालू असते. जमलं तर टेप घेऊन बाजूला उभे राहा, आणि कुठं दाटतंय ते विचारा.

मास्तर आता चौऱ्याहत्तरचे आहेत. गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा एकदा शिवण उसवली. उजवं पाऊल आणखी दोन बोटं मागे. आज रविवार आहे, गवत सुकलंय, त्रिकूट पहिल्या होलवर आलंय आणि माझी पकड मास्तरांच्या हातात आहे.

तुम्ही तिथे समोर उभे आहात ना, ते जरा बाजूला व्हा. आणखी मागे. अहो, आणखी! आमचा फटका हल्ली लांब जातो.